उसने पूर्वज
येसिरकेप हा खानाचा, म्हणजे कझाखांच्या जुन्या राजाचा पणतू. हे त्याची बायको बिकेन सोडून गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तर तो जिवंत होता. सोव्हिएतांचे शिपाई घरच्यांना घेऊन गेले, तेव्हा दोसान नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळाने त्या पोराला आपला नातू म्हणून खपवलं आणि स्वतःचे सात पूर्वज त्याच्याकडून घोकून घेतले. सात पूर्वज सांगता न येणारा कझाख कुणाचाच नसतो. त्यानंतर सामुदायिक शेताच्या तबेल्यात लीद काढण्यात येसिरकेपचा जन्म गेला. कुणी खानांची टवाळी केली की हाच सगळ्यांआधी हसायचा. हसून हसून त्याला स्वतःचीच किळस यायची.

लेक कुल्याश वयात आली. परमुलखातून राहायला आलेल्या जुनूसच्या मार्देनवर तिचा जीव जडला, आणि जुनूस लेकाला घेऊन रीतसर मागणी घालायला आला. मटण झालं, चहा आला.

"आता पूर्वज सांगा बघू," जुनूस म्हणाला. "सात पिढ्यांत रक्त एक निघालं तर लग्न नाही. रीत ती रीत."

येसिरकेपची जीभ घाण्याच्या बैलासारखी आपसूक चालू लागली. पाचव्या नावाला जुनूसने चहाची वाटी खाली ठेवली.

"अरे, हाच तर माझा पाचवा! व्याही व्हायला आलो न् भाऊ मिळाला की रे!" त्याने येसिरकेपला कडकडून मिठी मारली. चहाचं पाणी उकळणाऱ्या सामोवारापाशी बसलेल्या कुल्याशचा चेहरा पांढराफटक पडला.

जळण आणायच्या निमित्ताने बिकेनने नवऱ्याला बाहेर ओढलं.

"सांगून टाका ना खरं! तुमचं न् त्यांचं रक्त कुठलं एक?"

"त्याचा सख्खा भाऊ पक्षाच्या कचेरीत बसतो. उद्या दारात गाडी येईल."

"आणि पोरीचं काय?"

"खानाची पोर म्हटल्यावर तिला तरी सोडतील का?"

इकडे आड, तिकडे विहीर. दोघं आत आले, तेव्हा जुनूस मार्देनला दटावत होता, "रडतोस काय वेड्यासारखा? बहीण आहे ती तुझी."

कुल्याशने चहाची वाटी भरली आणि दोन्ही हातांनी मार्देनपुढे धरली.

"घ्या, दादा."

बिकेन नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. येसिरकेपने ओठ उघडले.

"भाऊ," तो जुनूसला म्हणाला, "अजून थोडं मटण घ्या."