एका फळीतलं त्रिसरण

लाकडाशी इतक्या अदबीनं बोलणारी बाई अख्ख्या रायपुरात दुसरी सापडायची नाही, आणि सापडलीच तर ती माझी विहीण नसल्यामुळे मला तिचं काही कौतुक नाही. माझ्या विहीणबाई, म्हणजे माझ्या सुनेची आई, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. जन्मभर माणसांना टोचलं आणि निवृत्त झाल्यावर पूर्णवेळ लाकडाकडे वळल्या. त्यांच्याकडे एक मशीन आहे. शिलाई मशीनची चुलत बहीण म्हणा. सुईच्या जागी शेवयीएवढं बारीक करवतीचं पातं खालीवर नाचतं, आणि त्याच्यापुढे फळी फिरवत अक्षरं, वेली, पानं कापून काढायची. नक्षीतल्या प्रत्येक बंद जागेत आधी छिद्र पाडायचं, पातं सोडवून त्यातून ओवायचं, पुन्हा ताणून बसवायचं, मग कापायचं. छिद्र पाडण्याआधी विहीणबाई फळीवर दोन बोटं ठेवतात आणि म्हणतात, “काही नाही होत. हलू नको, राजा.” फळी हलत नाही. दवाखान्यात पेशंट हलायचे म्हणे. बरं, बोलण्यातही भेदभाव आहे. सागवानाशी मराठी, प्लायवूडशी हिंदी. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “ते फॅक्टरीतून आलं ना, ताई. त्याले काय समजते आपली बोली?”

त्यांची माझी पहिली भेट आम्ही मुलगी पाहायला गेलो तेव्हाची. मी तेव्हा पन्नाशीची कोवळी सासू होऊ घातलेली, अंगात नुसता तोरा. कलेतलं आपल्याला कळतं असाही एक समज होता, कारण रेल्वे कॉलनीच्या महिला मंडळात मी टेबलक्लॉथवर पोपट भरला होता. (तो पाहून माझे सासरे म्हणाले होते, “दोडका झकास आला, सूनबाई.”) तर अशी ही थोर कलावंत कडक कोसा रेशमाची साडी नेसून गेली आणि समोर दिसलेल्या स्टुलावर ऐटीत बसली. त्या स्टुलाला सकाळीच वार्निश लावलेलं होतं. चहा झाला, पोहे झाले, मुलगी पसंत झाली, आमचे हे उठले, मुलगा उठला, मी काही उठेना. सगळ्यांना वाटलं, बाई देण्याघेण्यावर अडून बसल्या. मुलीच्या वडिलांचा तर चेहराच उतरला. विहीणबाईंनी मात्र स्टुलाकडे एक नजर टाकली, सगळ्यांना बाहेर पिटाळलं, कापूस आणि टर्पेंटाइन आणलं आणि जखमेची पट्टी काढावी तशी मला त्या स्टुलावरून सोडवली. साडी वाचली. तोरा बराचसा तिथेच चिकटून राहिला, आणि ते चांगलंच झालं.

आता त्या एकट्या राहतात. व्याही गेल्यापासून त्या घरात संध्याकाळी जो काही आवाज असतो तो मशीनचाच. मी चौबे कॉलनीतून रिक्षा करून जाते आणि आम्ही दोघी मिळून उद्योग करतो. त्यांना बारीक पाती लागतात, ती मिळतात सदर बाजारात, सोनारांच्या हत्यारांच्या दुकानात. आम्ही दोघींनी त्या गल्लीत शिरायचा अवकाश, की शेजारीण घरी हजर, “आंटी, बहू के लिए हार बन रहा है क्या?” मी गूढ हसते. पिशवीत करवतीची पाती असतात, पण सुनेचा भाव वाढतो.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या विहाराचा नवा हॉल बांधून झाला आणि बुद्धपौर्णिमेला तिथे पहिली वंदना ठरली. भिंतीवर त्रिसरण लावायचं होतं. कमिटीच्या बैठकीत विहीणबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी कापून देतो. एकाच फळीत. जोड नाही, गोंद नाही.”

“ताई, लेझरवाला दोन दिवसांत करून देते,” अध्यक्ष म्हणाले. “कॉम्प्युटरमध्ये डिझाइन टाकलं का झालं. काहून त्रास करून घेता?”

“लेझरनं कडा जळते, भाऊ. विहारात जळके अक्षरं लावता काय?”

“अन् पौर्णिमेपर्यंत तुमचं नाही झालं तर?”

“तर माही मशीन इकून टाकीन.”

भर सभेत! मी त्यांचा पदर ओढला, पण तोवर शब्द जाऊन बसला होता. मशीन गेली तर त्या घरात संध्याकाळी काय वाजणार, हे माझ्याशिवाय तिथे कोणाला ठाऊक नव्हतं.

त्रिसरण म्हणजे बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जाण्याच्या तीन ओळी, आणि त्या म्हणायच्या तीनदा. म्हणजे सगळ्या मिळून नऊ, आणि फळीवर नऊच्या नऊ कापायच्या ठरल्या. आजूबाजूचं लाकूड काढून टाकायचं आणि अक्षरं तेवढी राखायची. अक्षरं वरच्या रेघेला कपडे वाळत घातल्यासारखी लटकतात, त्यांची काळजी नाही. काळजी अनुस्वारांची. ते अधांतरी. त्यांना धरायचं कशानं? विहीणबाईंनी काठाकाठानं आणि ओळींच्या मधून पिंपळाच्या पानांची वेल काढली, आणि पिंपळाच्या पानाचं जे लांब शेपूट असतं, त्याच्या टोकाला एकेक अनुस्वार टांगला. मला तर वाटलं, पिंपळाला शेपूट निसर्गानं याच कामासाठी दिलंय. मशीनची भुसा उडवणारी नळी फाटली होती, ते काम माझ्याकडे आलं. जुनी चुलीची फुंकणी तोंडाला लावून मी फुंकर मारायची आणि त्यांनी रेघ धरून कापायचं. तरुणपणी मी दोन मिनिटं गप्प बसले तर घरातले लोक कपाळाला हात लावून ताप बघायचे. आता मी दुपारच्या दुपार फुंकणी तोंडात धरून मुकी बसू लागले. आमचे हे एकदा येऊन दारातून पाहून गेले आणि घरी जाऊन मुलाला म्हणाले, “ही मशीन आपण पहिलेच घ्यायला पाहिजे होती.”

सातवी ओळ सुरू झाली आणि घात झाला. वैशाखातलं रायपूर, पंख्याखाली बसलं तरी भाजून निघावं. विहीणबाईंना फळीची दया आली. “लाकडालेही गरम होतेच ना,” म्हणून त्यांनी रात्री फळी कूलरच्या तोंडाशी उभी केली आणि आपण स्वतः गच्चीवर जाऊन झोपल्या. नवं लाकूड, रात्रभर कूलरची ओली हवा. सकाळी फळी पापडासारखी वाकली होती. त्यांनी ती मशीनवर हळूच दाबून पाहिली, पात्यानं चावा घेतला, आणि पाचव्या ओळीपासून सातव्यापर्यंत तडा गेला. सहाव्या ओळीतले दोन अनुस्वार पानांसकट माझ्या मांडीवर पडले.

मी फुंकणी बाजूला ठेवली. सुचेल ते बोलू लागले. गोंद लावू, कोणाला कळणार आहे, मी काय कोणाला सांगते होय! विहीणबाईंनी तड्यावरून बोट फिरवलं. “ह्याची काही गलती नाही, ताई. म्याच त्याले सर्दी केली.” आणि उठून चहा ठेवायला गेल्या. चहा उकळून उकळून काळा झाला तरी बाहेर येईनात, म्हणून मी आत गेले. त्या स्वयंपाकघरातला जुना सागवानी पाट उलटासुलटा करून ठोकून पाहत होत्या. “हा नाही वाकणार. किती वर्षांचा सुकलेला आहे.”

“अहो, पण यावर आपण बसतो!” मी म्हटलं.

त्यांनी पाट खाली ठेवला. “मंग? बसलं म्हणून लाकूड बाटते काय? आपल्या तोंडी शोभते काय हे, ताई?”

माझं तोंड त्या दिवशी फुंकणीशिवायच बंद झालं.

पाटाचे पाय काढले, आरा मिलवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, तो रंधा मारून करंगळीएवढा पातळ करून आणला. पण पौर्णिमा आली होती तोंडावर, आणि उरलेल्या दिवसांत नऊ ओळी होणं कोणत्याही हिशेबात बसत नव्हतं. विहीणबाईंनी कागद काढला, मोठ्या अक्षरात तीनच ओळी काढल्या आणि कापायला बसल्या. कापून झालं तेव्हा पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती. अध्यक्ष बघायला आले. फळी उजेडाकडे धरून त्यांनी बराच वेळ पाहिली, कुठे जोड सापडतो का म्हणून पाठही तपासली. मग खाकरले.

“ताई, काम तर एकदम झकास आहे. पण नऊ ओळी ठरल्या होत्या. या तर तीनच आहेत.”

मी मशीनकडे पाहिलं. विहीणबाई पदरानं हात पुसत म्हणाल्या, “ओळी तीनच असतात, भाऊ. दुसऱ्या खेपेले अन् तिसऱ्या खेपेले तर माणसानं म्हणायचं असते. तेही लाकडानंच म्हटलं तर लोकायनं काय करायचं?”

अध्यक्षांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग फळीकडे, मग उगीच माझ्याकडे. “हव,” ते म्हणाले. “हे तर बरोबर आहे.” आणि स्वतः फळी छातीशी धरून, स्कूटर घेऊन बाहेर थांबलेल्या आपल्या भावाच्या मागे बसून गेले, त्याला म्हणाले, हळू चालव. मशीन जागच्या जागी राहिली. मी तिच्यावरचा भुसा पुसून घेतला, हात कुठेतरी लावायचे होते म्हणून.

पौर्णिमेला हॉल भरला होता. मागून कोणीतरी विचारलं, “ये कहाँ से बनवाया?” तेव्हा “माझ्या विहीणबाईंनी!” असं मी इतक्या मोठ्यानं सांगितलं की पुढच्या रांगा वळून बघू लागल्या. विहीणबाईंनी मला कोपरखळी मारली. मग वंदना सुरू झाली. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. माझे उघडेच होते, मला ती अक्षरं बघायची होती. बाजूला पाहिलं तर त्यांचेही उघडे. हात जोडलेले नव्हते. उजव्या हाताचं एक बोट मांडीवर चाललं होतं, भिंतीवरच्या अक्षराबरोबर वळत, गोलाईपाशी मंद होत, पानाच्या टोकाशी थांबून मागे येत. वळण एकही चुकत नव्हतं. लोकांचं दुसऱ्यांदा म्हणून झालं, तिसऱ्यांदा म्हणून झालं, ‘साधु, साधु, साधु’ असा साधुकार झाला, पोरंबाळं खिरीच्या पातेल्याकडे पळाली. विहीणबाईंचं बोट अजून दुसऱ्या ओळीच्या मधोमध होतं.

सून खिरीसाठी हाक मारू लागली. मी तिला हातानं थांब म्हटलं आणि बसून राहिले. त्यांचं व्हायचं होतं अजून.