गाडीतला देव तसाच होता

तो गाडीचा सौदा आठवला की निवृत्तीनंतरही अंगावर काटा येतो. तेव्हा मी इस्लापूरच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. दुपारी जेवून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात कपाळावर भस्माचे पट्टे असलेले एक अप्पा समोर येऊन बसले. अहमदपूरचे आडत व्यापारी. पन्नाशीत त्यांना दोन दारांच्या स्पोर्ट्स कारची हौस आली होती. गावात कुणी हसू नये म्हणून मोबाइलवर जाहिरात बघून एवढ्या लांब आले होते.

"साहेब, गाडी लई झकास हाय. भाव निम्मा. पन नंबर आमच्याच लातूरचा. लातूरची गाडी विकायला कुनी इकडं रानात आणतंय का? अन् आत देव तसाच हाय."

"मग? गाडीवर देव फुकट मिळाला," मी हसलो.

अप्पा हसले नाहीत. "मालक गाडी विकताना आधी देव काढून घरी नेतो, साहेब. देव कुनी विकत न्हाई. वाहिलेलं फूलबी तसंच सुकून गेलंय."

मी स्वतः दोन गाड्या विकल्या होत्या. दोन्ही वेळा बायकोने गिऱ्हाईक यायच्या आधी गणपती काढून पदरात घेतला होता. माझे हसू जागीच विरले.

नंबर लातूरला कळवला. गाडीचा मालक तीन दिवसांपासून बेपत्ता होता. त्याने स्वतःच गाडी विकायला काढली होती. एका गिऱ्हाइकाला ट्रायल द्यायला आमच्याच बाजूच्या सहस्रकुंड धबधब्याकडे निघाला, तो परतलाच नाही. आईने तक्रार दिली होती.

अप्पांना सौद्याच्या निमित्ताने विकणाऱ्याकडे परत पाठवले आणि साध्या वेशात आम्ही मागे गेलो. पडक्या गोदामातून विकणाऱ्याला उचलले. तिशीचा, सभ्य, नमस्कार करणारा माणूस. चौकशीत तासभर एकच पालुपद: "गाडी म्या घेतली, मालक हैदराबादला गेला." आरडाओरडा करून असा माणूस फुटत नाही. मी चहा मागवला आणि सहज विचारले, "देव का नाही काढलास?"

तो पहिल्यांदाच घाबरला. "मालक जित्ता असताना त्याचा देव कसा काढू, साहेब? पाप लागंल."

गाडी विकत घेणारा आधीच्या मालकाच्या मरणाची वाट कशाला बघेल? आपण काय बोलून गेलो ते त्याला उशिरा कळले. मग सगळी हकिकत बाहेर आली. ट्रायलला बोलावून मालकाला त्याने रानातल्या कोरड्या विहिरीत ढकलले होते. रोज सकाळी जाऊन वाकून हाक मारायचा, "हायस का रे?" पहिल्या दिवशी उत्तर आले, तेव्हा वरून दगड टाकला. आज सकाळी नुसता खोकला ऐकू आला होता. तो खोकलाही थांबायची वाट बघत होता. देवाला भिणाऱ्याला माणसाची दया असेलच, हा माझा समज त्या दिवशी गेला.

आम्ही विहिरीवर पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. तळ दिसत नव्हता. हवालदाराने वाकून हाक दिली, "हायस का रे?"

काही नाही. पुन्हा हाक. आतून श्वाससुद्धा नाही. "गेला, साहेब," हवालदार म्हणाला.

तेवढ्यात माझ्या लक्षात आले. ती हाक त्या ढकलणाऱ्याचीच होती, उत्तर दिले की वरून दगड यायचा! मी हवालदाराला मागे ओढले, मालकाचे नाव घेतले, म्हणालो, "आम्ही पोलीस आहोत. तुमच्या आईने तक्रार दिली आहे."

मग खालून, फार खोलवरून, आवाज आला.

"आईचं नाव सांगा."

तक्रारीची प्रत मोबाइलवर होती. मी नाव मोठ्याने वाचले. खालून रडणे ऐकू आले आणि मी दोर सोडायला लावला.

पाय मोडला होता, पण माणूस वाचला. वर्दी चढवली की लोक आपल्यावर विश्वास ठेवतात, असे मी पंचवीस वर्षे समजत होतो. त्या विहिरीत पडलेल्या माणसाने मला आधी ओळख पटवायला लावली, आणि ते त्याचे बरोबरच होते.