उपासकाळातलं पाणी

एका उपासकाळात मी ठरवलं, ईस्टरपर्यंत कशाचीच तक्रार करायची नाही. हा मूर्खपणा आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं सांगायला तोंड मोकळं. कुक्कुलं बाळ नव्हते मी तेव्हा, सून आलेली बाई होते.

कारण आमची परळची चाळ. मागच्या हाऊसगल्लीत वरच्या मजल्यांवरून काय काय पडायचं! कोलंबीची सालं, डायपर, एकदा तर आख्खी गादी. घुशी त्यावर लोळायच्या. टीव्ही लावावा तर तिथेही माणसं एकमेकांवर तसलंच काही फेकताना दिसायची. शिसारी आली होती. चर्चमध्ये फादर म्हणाले, या वर्षी मटणाबरोबर कुरकुरही सोडा, येशूच्या शांतीला आत जागा करा. फादरांचं काही चुकलं नाही. मी बाईसाहेबांनी मात्र शांती म्हणजे बंद खिडकी असा अर्थ लावला. खिडकी लावली, घरातल्या आल्तारापुढे मेणबत्ती, जोडीला दोन उदबत्त्या, आणि चेहऱ्यावर असं हसू, की संतांनी माझ्याकडे शिकवणी लावावी.

तिसऱ्या आठवड्यात नळाच्या पाण्याला गटाराचा वास आला. माझ्या नि शेजारच्या, अशा आमच्या दोन खोल्यांचा पाइप हाऊसगल्लीतल्या त्या राबड्यातूनच येतो, कुठेतरी फुटला असणार. एरवी मी जिन्यात उभी राहून चाळ गोळा केली असती. पण तक्रार करायची नाही ना! मी पाणी खळखळून उकळलं, फडक्यानं गाळलं आणि देवाला म्हटलं, बघ, एक शब्द बोलले नाही. असे चार दिवस. स्वतःवर इतकी खूश होते, की आज आठवलं तरी ओकारी येते.

दुसरी खोली माझ्या मालवणी मैत्रिणीची. तिचं नाक तपकिरीनं केव्हाच मेलेलं. मासे आणले की आधी माझ्या नाकाखाली धरायची, “गो, ताजे आसत मा?” तीस वर्षं तिचं नाक मीच होते. आणि तेच नाक मी उदबत्तीत खुपसून बसले.

पाचव्या दिवशी जुलाब-उलट्यांनी ती इतकी गळाली, की खुर्चीत बसवून जिन्यावरून हॉस्पिटलात न्यावं लागलं. दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती, डॉक्टर धड काही बोलेनात. मी खिडकी उघडली, वॉर्ड ऑफिसात जाऊन घसा बसेपर्यंत भांडले, पाइप बदलून घेतला. फादरांपुढे कन्फेशनही केलं. देवानं क्षमा केली असेल, तो मोठा आहे. पण प्रार्थनेला बसलं की तोच वास. आजही कुणी सकाळी मोबाइलवर गुलाबाच्या फुलाखाली ‘मनःशांती’ लिहून पाठवलं, की मला तो वास येतो.

ती शुद्धीवर आल्यावर थर्मासात पेज घेऊन हॉस्पिटलात गेले आणि सगळं सांगून टाकलं. वास, चार दिवस, उकळलेलं पाणी, तोंडावरचं ते हसू. तिनं थर्मासकडे बोट दाखवून विचारलं, “पाणी उकळलंस मा?”

मी मान डोलावली. दोन चमचे पेज पोटात गेल्यावर ती म्हणाली,

“तुझो देव काय सांगता ता माका ठावक नाय. पण परत वास इलो तर आधी माझा दार वाजय, मगे तुझी मेणबत्ती पेटय.”