लाल ठिपक्याचे सहा पेले

माझा मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला, पण आमच्या वस्तीने त्याला परस्पर बढती देऊन सुभेदार करून टाकलं. त्याने एकदोनदा दुरुस्ती करून पाहिली, मग नाद सोडला. सुभेदारमामा म्हणजे ताठ मान, कडक इस्त्री आणि सगळीकडे वेळेआधी हजर. लग्नाला गेला तर नवरदेवाच्याही आधी पोचायचा.

आमची वस्ती नाल्यापलीकडे. शहराची गटारं साफ करणारी माणसं तिथे राहतात. शहरात कुणाशी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठे राहता?" उत्तर ऐकलं की समोरचा अर्धं पाऊल मागे सरकतो. त्याचं त्याला कळतही नसेल, मला मात्र बरोबर कळतं. मामाला फौज आवडली ती सगळ्यात आधी यासाठी, की तिथे हे कुणी विचारलंच नाही. सगळेच चार नंबरच्या बराकीत राहत होते.

भरती होऊन तो पहिल्यांदा जेवायला बसला, त्या दुपारची गोष्ट. जेवण झाल्यावर उष्टी ताटं एका मोठ्या टबात टाकायची होती. मामाने घरच्या सवयीने आपलं ताट वेगळं घासलं आणि भिंतीशी पालथं घातलं, दुसऱ्या कुणाच्या ताटाला लागू नये म्हणून. त्यांना शिकवणाऱ्या उस्तादाने ते पाहिलं आणि त्याचं डोकंच सणकलं.

"स्वतःला मोठा समजतोस काय रे? आमच्या ताटात ताट ठेवायला लाज वाटते?"

शिष्टपणाचा आरोप मामावर जन्मात पहिल्यांदा होत होता. शिक्षा म्हणून ताट डोक्यावर धरून मैदानाला दहा फेऱ्या. सहाव्या फेरीला त्याला हसू फुटलं, हसला म्हणून आणखी पाच मिळाल्या. हे सांगताना तो अजून पोट धरून हसतो. मला मात्र दर वेळी रडू येतं.

फौज म्हणजे स्वर्ग नव्हे, हे मामाच सांगतो. शेजारच्या खाटेवर बारा वर्षं झोपलेल्या दोस्ताने त्याला सुट्टीत एकदाही घरी बोलावलं नाही. पण बराकीत सगळ्यांना एकाच पातेल्यातलं जेवण, आणि मामाने हुकूम दिला की कुठल्याही घरातला जवान टाचा जुळवून उभा. बावीस वर्षं हे अंगात मुरल्यावर माणूस पुन्हा वाकत नाही. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी चारचौघांत मिरवते.

निवृत्तीनंतर त्याला काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात पहारेकऱ्यांचा प्रमुख म्हणून नोकरी लागली. सहा महिने कच्ची, मग पक्की. राहायला फाटकाजवळच खोली, त्यामुळे तो कुठला हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. अडचण एकच होती. माझी आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, त्याच कारखान्यात चौदा वर्षं झाडू मारत होती. तिने त्याच्याकडून वचनच घेतलं. तिथे मला ओळख द्यायची नाही, तू आमच्यातला आहेस हे कळलं तर तुला ठेवणार नाहीत, आधी नोकरी पक्की होऊ दे.

कारखान्यात चहाची एक खोली होती. तिथे स्टीलचे चाळीस पेले, सगळे सारखे. फक्त सहांच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका होता. ते सहा खिडकीत ठेवलेले असायचे. सफाईवाल्यांनी ते घ्यायचे, बाहेर नळाजवळ उभं राहून चहा प्यायचा आणि स्वतः धुऊन परत ठेवायचे.

पहिले तीन दिवस मामा मॅनेजरसाहेबांच्या शेजारी बसून मुकाट चहा प्यायला. आई बाहेर उभी. घरी तिने हे सांगितलं तेव्हा माझं टाळकंच फिरलं. एरवी फौजेच्या एवढ्या गोष्टी सांगणारा माणूस, आणि सख्ख्या बहिणीसमोर शेपूट घालून बसतो? आईने मलाच गप्प केलं. म्हणाली, त्याने माझा शब्द पाळलाय, तू मध्ये पडू नकोस.

चौथ्या दिवशी मामा पहिल्या पाळीच्या तासभर आधी चहाच्या खोलीत आला. बाह्या सरसावल्या, चाळीसच्या चाळीस पेले नळाखाली नेले आणि रॉकेल, राख नि काथ्या घेऊन घासायला बसला. चहावाला सांगतो, असं घासणं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. फौजेत पट्ट्याचं बक्कल चमकवायची सवय, ती कुठे जाणार? चहाच्या वेळेला पेले टेबलावर आठ-आठच्या पाच रांगांत उभे होते. खिडकी रिकामी.

मॅनेजरसाहेबांनी एक पेला उचलला. मामा उभा राहिला.

"साहेब, यातले सहा सफाईवाल्यांचे आहेत."

"कुठले सहा?"

"ते आता मलाही सांगता येणार नाही."

साहेबांनी पेला उलटा करून पाहिला. मग दुसरा, मग तिसरा. सगळी बुडं आरशासारखी लख्ख. पेला खाली ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "तुमची नोकरी अजून कच्ची आहे, लक्षात आहे ना? आणि त्या लोकांसाठी तुम्हाला एवढं काय पडलंय? तुमचा संबंध काय?"

मामाने दाराकडे पाहिलं. दारात आई होती आणि तिला दिलेला शब्द होता. तो सावधान उभा राहिला.

आईने झाडू भिंतीला टेकवला आणि आत आली.

"तो माझा धाकटा भाऊ आहे, साहेब."

साहेब चहा न पिताच निघून गेले. त्यांच्यामागे पाचसहा जण गेले. म्हातारा फिटर तेवढा पुढे झाला, हाताला येईल तो पेला उचलला आणि चहावाल्यापुढे धरला. गेलेले आठवड्याभरात एकेक करून परत आले, कारण कारखान्यात दुसरीकडे कुठे चहा मिळत नव्हता. मामाची नोकरी पक्की व्हायला सहाऐवजी अकरा महिने लागले. झाली ती एवढ्याचसाठी, की तो आल्यापासून मालाची चोरी बंद पडली होती.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मामाने साहेबांची रिकामी खुर्ची ओढली आणि म्हणाला, "ताई, बस." आईने सवयीने पदराने खुर्ची पुसायला घेतली. चौदा वर्षं ती त्या खुर्च्या पुसतच आली होती. मामाने तिचा हात धरला, पदर सोडवला आणि तिला बसवलं.