चौथ्या मजल्यावरची अक्कलदाढ

कवळ्या बनवणाऱ्याला माणसांची भीती वाटायची. साधीसुधी नव्हे, चांगली हातपाय गार पडण्याइतकी. दारावरची बेल वाजली की तो आहे तिथेच श्वास रोखून उभा राहायचा, आणि वाजवणारा कंटाळून निघून गेला की मग हळूच पंखा पुन्हा सुरू करायचा. धंदाही पठ्ठ्याने असा निवडला होता, की दात घरी येतील पण त्यांच्यामागचं माणूस येणार नाही. दवाखान्याचा शिपाई जबड्यांच्या साच्यांचा खोका दाराबाहेर ठेवून जाई. त्याची पावलं जिन्यावरून पुरती उतरली की हा दार किलकिलं करून खोका आत ओढून घेई. मग दिवसभर मेण तापवायचं, गुलाबी हिरड्या घडवायच्या, एकेक दात नीट ओळीत बसवायचा. टेबलावर दहा-बारा तोंडं दात विचकून हसत असत आणि त्यातलं एकही त्याला काही विचारत नसे. गडी सुखात होता.

थोरली बहीण मात्र दर रविवारी फोनवर झडती घ्यायची.

"शेजारी कोण राहतं रे तुझ्या?"

"आहेत माणसं."

"ते कळलं. नावं सांग."

"ताई, मेण गार होतंय गं."

"मेणाचं मरू दे! उद्या तुला काही झालं तर तुझं दार कोण वाजवणार?"

हे ऐकलं की त्याच्या पोटात गोळा यायचा. पण तो तेवढ्यापुरताच; जेवला की जिरायचा.

आणि हाच भित्रा माणूस दुपारी एक ते दोन या वेळात रणगाजी व्हायचा. मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात त्याचं नाव होतं अक्कलदाढ. तिघांची टोळी होती. एक पंक्चर, दूरच्या कुठल्या तरी गावचा औषधविक्रेता, दर लढाईत सगळ्यांआधी मरायचा म्हणून पंक्चर. आणि दुसरी कंडक्टरीणबाई. तिने म्हणे बत्तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली होती. निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं म्हणून खेळायला लागली. शत्रूच्या गराड्यातसुद्धा तिचं "चला, पुढे सरका, दारात गर्दी नको!" चालूच. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. आठवड्यात जेवढे शब्द त्याच्या तोंडून निघत, त्यातले नव्वद टक्के या एका तासात निघत.

बसच्या घंटीचा तिचा कायदा टोळीलाही लागू होता. टेबलावर एकदा टक केलं की थांबा, दोनदा केलं की निघा. खेळ संपला की तिघंही टक टक करून जायचे. त्याशिवाय कुणी गेलेलं तिला खपत नसे.

दुसरा कायदा अक्कलदाढेचा. पहिल्याच दिवशी त्याने घालून दिला होता: कुणी कुणाचं खरं नाव विचारायचं नाही, पत्ता तर नाहीच. दोन वर्षं तो तिघांनी पाळला.

त्या दिवशी ऐन लढाईत कंडक्टरीणबाई म्हणाली, "थांबा रे, जरा गरगरल्यासारखं होतंय. पाणी पिऊन—"

मग काहीतरी जड पडलं. स्टीलचा पेला फरशीवर लांबवर घरंगळत गेला आणि थांबला.

"बाई?" पंक्चर म्हणाला.

उत्तर नाही. बोलून झालं की माइक बंद करायची तिची शिस्त होती, पण आज माइक उघडाच राहिला होता आणि त्यातून नुसता एक नळ ठिबकत होता. पडद्यावर तिचा योद्धा भिंतीकडे तोंड करून उभा होता. शत्रू त्याच्यावर वार करत होते आणि तो हलत नव्हता.

"अरे, तिचं नाव काय? पत्ता?" पंक्चर ओरडला.

"मला कसं माहीत असणार?"

"मग पोलिसांना काय सांगू मी? कंडक्टरीणबाई, मुक्काम मोबाइल?"

पंक्चरने खेळाच्या कंपनीला तक्रार पाठवली. लगेच उत्तर आलं, अठ्ठेचाळीस तासांत संपर्क साधू. अक्कलदाढेच्या तोंडचं पाणी पळालं. हा नियम त्याचा होता. त्याच्या भित्रेपणापायी आता एक बाई फरशीवर मरणार होती, आणि त्याला ते बसल्या जागी कानाने ऐकावं लागणार होतं.

तेवढ्यात लिफ्टची घंटा खणखणायला लागली. या इमारतीत कुणी लिफ्टचं दार उघडं टाकलं की ती अशीच फुटक्या आवाजात ठणाणा करायची. वैतागून त्याने कानातला इअरफोन काढला. घंटा जिन्यात वाजत होती. पुन्हा घातला. घंटा कानातही वाजत होती, पाव क्षण मागून.

कुणीतरी लिफ्टचं दार ओढून घेतलं. बाहेरची घंटा थांबली. मागोमाग कानातली.

म्हणजे बाई याच इमारतीत होती. पंक्चर नंतर आला; सुरुवातीला खेळाने या दोघांनाच 'जवळचे खेळाडू' म्हणून एकत्र आणलं होतं. जवळचे म्हणजे याच शहरातले असतील, एवढंच तो धरून चालला होता.

चार मजले, मजल्यावर दोन घरं. म्हणजे त्याचं सोडून सात दारं आणि सात दारांमागे माणसं. त्याची पाचावर धारण बसली. पण कानात नळ ठिबकत होता. तो हातात मोबाइल धरून, मेण लागलेल्या बोटांनी कडी काढून बाहेर पडला.

समोरचं दार त्याने ठोठावलं. टक टक. कानात काही आलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचं डावं दार ठोठावलं. कानात शांतता, पण दार मात्र उघडलं. अर्ध्या गालाला दाढीचा फेस लावलेला एक गृहस्थ उभा होता.

"कोण पाहिजे?"

"माझी मैत्रीण... पडलीय. याच इमारतीत."

"नाव काय?"

"माहीत नाही."

"तुम्ही कोण?"

"चौथ्या मजल्यावरचा."

"तिथे कुणी राहतं?" गृहस्थ खरोखरच चकित होऊन म्हणाला.

लाजायलाही वेळ नव्हता. तिसऱ्यावरचं उजवं दार: काही नाही. तो खाली पळाला. दुसऱ्यावरचं डावं: काही नाही. उजव्यावर त्याने हात उचलला आणि त्याला आठवलं, हे त्या कापडी पिशवीवाल्या बाईंचं दार. दोन वर्षं त्या याला पाहून लिफ्ट धरून ठेवायच्या, "येताय का?" विचारायच्या. हा "चालतच जातो" म्हणून जिना पकडायचा. त्या दोन शब्दांपलीकडे त्याने त्यांना कधी बोलूच दिलं नव्हतं.

टक टक.

आणि कानात, पाव क्षण मागून, टक टक.

"बाई!" आतून काही नाही. त्याने पुन्हा ठोठावलं. काही नाही. आता नळाचं ठिबकणंही ऐकू येईना. छाती इतकी धडधडत होती. आपण उशीर केला. आत आता काय असेल, ते बघायचं त्याच्यात धैर्य नव्हतं. फेसवाल्याला सांगावं, तो बघेल काय ते, आपण वर जावं आणि कडी लावून घ्यावी, असं त्याच्या मनात आलं आणि खरोखरच त्याचे पाय जिन्याकडे वळले.

टक.

फरशीवर काहीतरी आपटल्याचा बारीक आवाज. दाराआडून आला, मग कानात आला. त्याने वाट पाहिली. दुसरा आला नाही.

एकच टक.

तो परत फिरला आणि उभ्या आयुष्यात ओरडला नव्हता एवढ्या मोठ्याने जिन्यात ओरडला, "वर कोणी आहे का? या! हातोडी घेऊन या, दार तोडायचंय!" त्याचा स्वतःचा आवाज तिच्या स्वयंपाकघरातून फिरून त्याच्या कानात आला. वरून धाडधाड पावलं उतरू लागली. आणखी कुठेतरी एक दार उघडलं. माणसं येत होती.

त्याला अजूनही भीती वाटत होती. तो दाराला टेकून खाली बसला आणि फटीशी तोंड नेऊन म्हणाला, "थांबलोय, बाई. थांबलोय मी."