वरच्या मजल्यावरचे पेंग्विन

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आयटीत आहेत. रविवारी ते संगणकावर दूरच्या एका बेटाचे फोटो उघडून तिथले पेंग्विन मोजतात, संशोधकांना मदत म्हणून, फुकट. मोजायची सवय इतकी, की सोसायटीच्या सभेतही आधी डोकी मोजतात, आणि पोरं वेगळी.

काही वर्षं त्या बेटावर पिल्लं कमीच होत चालली होती. जिन्यात भेटले की मी घाईतही विचारायचे, "काय म्हणतायत तुमची मंडळी?" ते म्हणायचे, "पिल्लं अजून कमीच."

काल सकाळी बेल वाजली. वरचे गृहस्थ दारात, हातात पेढेही आणि बर्फीही.

"वहिनी, यंदा पिल्लं वाढली!"

"अभिनंदन! पण मुलाचे पेढे आणि मुलीची बर्फी, दोन्ही?"

"अहो, फोटोत कळतंय कुठे?"