ज्यांचा पंखा, त्यांनी शिडी धरायची

भोयर सरांची आणि माझी ओळख एका बंद पडलेल्या पंख्यामुळे झाली. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या व्यवसाय अभ्यासक्रम विभागात मी नुकतीच तासिका तत्त्वावर रुजू झाले होते. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचेच मानधन. अकरावीच्या मुलांना घरगुती वायरिंग समजावून सांगत होते, तेवढ्यात शिपाई गुलाबभाऊ वर्कशॉपच्या दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, स्टाफरूमचा पंखा बंद पडला. तुमाले बोलावून राहिले."

महाविद्यालयात तशी वहिवाटच होती. पंखा, माइक, घंटा, पाण्याची मोटार, काहीही बिघडले की 'व्होकेशनलवाल्यांना' बोलवायचे. शिकवणे चालू आहे की नाही, हे कोणी विचारत नसे. मी नवी होते. टेस्टर उचलला आणि निघाले. विभागप्रमुख भोयर सर पलीकडच्या टेबलावर एका मोटारीचे वाइंडिंग तपासत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"मॅडम, तास सुरू आहे ना तुमचा? मंग बसा." मग ते गुलाबभाऊंकडे वळून म्हणाले, "भाऊ, त्याहिले सांगजा, उद्या आमचं प्रॅक्टिकल आहे. मुलांले घेऊन येतो, पंखा होऊन जाईन. फक्त, ज्यांचा पंखा त्यांनी शिडी धरायची."

दुसऱ्या दिवशी आमचा सगळा वर्ग स्टाफरूममध्ये उभा होता. मेन स्विच आधी का बंद करायचा, हे सरांनी मुलांकडूनच वदवून घेतले. एक विद्यार्थिनी शिडीवर चढली आणि खाली इतिहासाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक दोन्ही हातांनी शिडी धरून, जीव मुठीत घेऊन वर पाहत राहिले. कंडेन्सर बदलला, पंखा फिरू लागला. प्राध्यापक महाशयांनी त्या मुलीला तिचे नाव विचारले. आमच्या विभागातल्या एखाद्या विद्यार्थिनीचे नाव स्टाफरूममध्ये कोणी विचारल्याचे मी त्याआधी पाहिले नव्हते, त्यानंतर मात्र अनेकदा पाहिले. पुढे खुद्द प्राचार्यांनीही शिडी धरली आणि तो रिवाज महाविद्यालयात रुळला.

सरांचा हा गौरवग्रंथ ज्यांच्या हाती पडेल, त्यांतल्या बऱ्याच जणांना आमच्या विभागाची स्थिती ठाऊक नसेल, म्हणून दोन शब्द सांगते. आम्ही एकाच छताखाली, एकाच घंटेवर शिकवतो, पण आमच्यातला कोणी उपप्राचार्य झाल्याचे मी आजवर पाहिलेले नाही. ज्या पदावर लागले, त्याच पदावरून निवृत्त होणारे अनेक. त्यांच्याही खाली आमच्यासारखे तासिकावाले. दिवाळीच्या सुटीत मानधन नाही, उन्हाळ्यात नाही आणि जे मिळायचे तेही कधी मिळेल याचा भरवसा नाही. दहा वर्षे शिकवलेला आणि काल आलेला, दोघे एकाच दराने. उमरेडला हातमागावर आयुष्य घालवलेले माझे वडील मला विचारत, "काहून वं बाई, मास्तरीण झाली म्हणते, आन् सनासुदीले हात खाली? मागावर बसली असती तं बरं होतं." 

सर स्वतः याच वाटेने आले होते. पारशिवनीजवळच्या त्यांच्या गावाहून रोज एसटीने यायचे, तास घ्यायचे आणि परत जाऊन शेतात उभे राहायचे, अशी त्यांच्या तरुणपणातली कित्येक वर्षे गेली. पुढे पद मंजूर झाले, नागपुरात घर झाले. जात्यातून सुटल्यावर जात्यातल्यांना विसरणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. सर विसरले नाहीत.

होळी झाली की नागपुरात घरोघरी माळ्यावरून कूलर उतरतात. कोणाची मोटार जळालेली, कोणाचा पंप अडलेला, कोणाच्या कूलरच्या बाजूंच्या ताट्यांतले गवत कुजलेले. सरांनी व्यवस्थापनाची परवानगी काढून विभागात कूलर शिबिर सुरू केले. परीक्षा संपलेली मुले दुरुस्ती करायची, तासिकावाले शिक्षक देखरेख करायचे आणि जी मजुरी येई ती मुलांत आणि आम्हां शिक्षकांत वाटली जाई. स्वतःसाठी सरांनी त्यातला चहासुद्धा घेतला नाही. धंतोलीतल्या दवाखान्यांत गावोगावचे रुग्ण येतात. त्यांचे नातेवाईक ज्या धर्मशाळेत उतरतात, तिथले कूलर मात्र आम्ही फुकट करून देत असू. "प्राध्यापक आता कूलर दुरुस्त करते," असे टोमणे सरांच्या कानावर येत. ते म्हणत, "करते ना. चालते का नाही, ते पाहा."

मला सरांची जी गोष्ट सर्वांत जास्त सांगायची आहे, ती त्यांच्या निवृत्तीच्या वेळची आहे. तेव्हा मला कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून देखभाल विभागातल्या नोकरीचा निरोप आला होता. बारा महिने पगार, भविष्यनिर्वाह निधी, सगळे व्यवस्थित. वडील खूश होते. मी सरांना विचारायला गेले, तेव्हा मनात होते की हे मला थांबवतील. शिक्षकी पेशा, मुलांचे भवितव्य, असे काही बोलतील. 

"मॅडम, मी राहा म्हणणार नाही," ते म्हणाले. "माझा पगार एक तारखेले होते. त्याच्यावर बसून तुम्हाले त्याग शिकवणं मले शोभत नाही. जूनमध्ये मी निवृत्त होतो. जागा निघेल का नाही, माहीत नाही. निघाली तं तुम्हालेच भेटेल, असंही म्हणत नाही. घरच्यांशी बोला आन् ठरवा."

इतके सरळ माझ्याशी कोणी बोलले नव्हते. त्या सरळपणानेच माझे मन वर्कशॉपकडे झुकले; मी कारखान्याला नकार कळवला. निर्णय माझा होता. तो चुकला असता, तर आमच्या घरची चूल त्याची किंमत देत राहिली असती. वडील माझ्याशी महिनाभर धड बोलले नाहीत.

जून आला. संस्थेने सरांना सांगितले, तुम्ही मानधनावर येत राहा. खुर्ची तुमची, वर्कशॉप तुमचे. बोलावणे मानाचे होते आणि सरांचा सारा जीव त्या वर्कशॉपमध्ये होता. कमलकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गमतीने म्हणायच्या, "यायले घरी ठेवून मी काय करू? आमचा मिक्सर तं चांगला आहे." तरीही सरांनी नकार दिला. नुसता नकार देऊन थांबले नाहीत, तर निरोप समारंभानंतर महाविद्यालयात पाऊल टाकायचेच त्यांनी बंद केले.

लोकांना ते खटकले. मलाही लागले. फोन केला तर तब्येत विचारत, आईवडिलांची चौकशी करत, पण वर्कशॉपचा विषय काढला की "पाहा तुम्ही" म्हणून मोकळे होत. होळीनंतर कूलर शिबिर लागले, त्यालाही आले नाहीत. सर रुसले, सर बदलले, निवृत्तीने माणसाला असे होतेच, असे स्टाफरूममध्ये बोलले जाऊ लागले. त्याच उन्हाळ्यात पाण्याची मोटार जळाली. जुनी मोटार, तिची नाडी फक्त सरांना ठाऊक. गुलाबभाऊ ऑटो घेऊन त्यांना आणायला गेले आणि रिकामा ऑटो घेऊन परत आले.

"नाई येत म्हणते," त्यांनी प्राचार्यांसमोरच सांगितले. "म्हणते, भाऊ, मी आलो तं काम भागते. आन् काम भागलं तं जागा कोण कशाले भरतीन?"

मी तिथेच उभी होते. सर वर्षभर घरी बसून काय करत होते, ते मला तेव्हा कळले. ज्या ठिकाणी जीव रमतो त्या ठिकाणापासून, कोणालाही न सांगता, आमच्यासाठी त्यांनी स्वतःला तोडून घेतले होते. मला रडू आले आणि मी वर्कशॉपमध्ये जाऊन बसले.

मोटार शेवटी बाहेरून दुरुस्त करून आणावी लागली. पण प्राचार्यांनी त्यानंतर पदभरतीचा पाठपुरावा मनावर घेतला. बऱ्याच हेलपाट्यांनंतर मान्यता आली, जाहिरात निघाली. निवड समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून सरांना बोलावले, तर "ज्या मॅडमसोबत काम केलं त्यांची मुलाखत मी कशी घेऊ?" म्हणून तेही त्यांनी नाकारले. माझी निवड झाली. आदेश हाती पडल्यावर वडिलांनी तो दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, "त्या सराले एक चांगलं धोतर विनून देतो." सर पँट घालतात, हे मी त्यांना सांगितले नाही. धोतर सरांकडे पोहोचले आणि ते त्यांनी जपून ठेवले आहे.

कायम पदावर रुजू झाले त्या दिवशी वर्कशॉपमधला, सरांच्या टेबलाच्या वरच्या छताचा पंखा बंद होता. मी मुलांना पहिले प्रॅक्टिकल तेच दिले. मेन स्विच बंद केला, एक मुलगी चढली. शिडी जराशी हलली म्हणून मी वळले, तर दोन ओळखीचे हात आधीच शिडीवर होते. इस्त्रीचा शर्ट घातलेले भोयर सर, वर्षाहून अधिक काळाने, वर्कशॉपमध्ये उभे होते.

"सर, तुम्ही कशाला? मुलं आहेत ना," मी म्हटले.

"सारी नोकरी या पंख्याखाली बसून काढली मी," सर वर पाहतच म्हणाले. "मंग शिडी कोण धरीन?"

सरांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. आमच्या विभागात दोन सहकारी आजही तासिका तत्त्वावर आहेत आणि त्यांच्या जागांसाठी सर आमच्यासोबत अजूनही कार्यालयांचे जिने चढतात. माझी प्रार्थना एवढीच, की त्यांची दृष्टी, त्यांचे गुडघे आणि कमलकाकूंची थट्टा अशीच शाबूत राहोत. ज्या दिवशी ते दोन सहकारी कायम होतील, त्या दिवशी आम्ही वर्कशॉपचा एक पंखा मुद्दाम बंद ठेवणार आहोत. शिडी धरायला सरांनी यायचे आहे.